शरद जोशी आणि शेतकरी संघटना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३ सप्टेंबरला जयंती, १२ डिसेंबरला पुण्यतिथी. वर्षातून या दोन दिवशी शरद जोशींचे फोटो मोबाइलवर फिरतात आणि मागोमाग तेच ते प्रश्न येतात. काही खोचक, काही मनापासून विचारलेले. नव्या पोरांचे प्रश्न वेगळे आणि ऐंशीच्या दशकात रस्त्यावर बसून लाठ्या खाल्लेल्यांचे वेगळे. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. लिहिणारा तटस्थ नाही, आमच्या घरात संघटनेचा लाल बिल्ला होता. पण आरती ओवाळायलाही बसलेलो नाही, हे पुढे वाचताना कळेल.

शरद जोशी नेमके कोण? एका दमात सांगा.

१९३५ साली साताऱ्यात जन्म. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातून एम.कॉम., थोडे दिवस कोल्हापुरात प्राध्यापकी, मग १९५८ पासून भारतीय टपाल सेवेत अधिकारी. तिथून स्वित्झर्लंडमधल्या बर्नला, जागतिक टपाल संघाच्या कचेरीत. ती नोकरी सोडून पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, ती कसली, १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी केली आणि पुढची दहा-पंधरा वर्षं मुंबई-दिल्लीतल्या सरकारांना स्वस्थ बसू दिलं नाही. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, २००४ ते २०१० राज्यसभेत होते. २०१५ मध्ये पुण्यात वारले, वयाच्या ८०व्या वर्षी.

हिंदीतले विनोदी लेखक शरद जोशी ते हेच का?

नाही. ते उज्जैनचे, १९९१ मध्ये गेले. गूगलवर दोघांचे फोटो एकत्र येतात, म्हणून हा प्रश्न घ्यावा लागला.

स्वित्झर्लंडची नोकरी टाकून कुणी कोरडवाहू शेती करायला येतं का? यामागे काहीतरी असणार.

हा संशय तेव्हाही होता. आंबेठाणच्या आसपास लोकांना वाटलं, साहेबाला फार्महाउसचा नाद लागला असेल. काहींना वाटलं, परदेशातून पाठवलेला कुणी हेर आहे.

त्यांचं स्वतःचं सांगणं साधं होतं. हिंदुस्थानची गरिबी म्हणजे शेतीची गरिबी, आणि ती शेतीत का आहे हे पुस्तकांतून कळत नाही. तेव्हा सगळ्यांत अवघड जागी, म्हणजे पावसावरच्या रानात, स्वतः शेती करून बघायची. टपाल खात्यात उमेदवारी केलेला माणूस, त्यामुळे प्रत्येक खर्चाची पावती ठेवायची सवय अंगात मुरलेली. बी, खत, नांगरट, मजुरी, बाजारात नेण्याचं भाडं, सगळं वहीत उतरलं. हिशेब लागला तो असा, की पीक चांगलं आलं तरी हातात काही उरत नाही, आणि फारच चांगलं आलं तर भाव पडून आणखी कमी उरतं.

शेजारच्या शेतकऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण ते त्यांना वेगळ्या नावांनी माहीत होतं. नशीब, पोरीच्या लग्नातला खर्च, व्यसन, आळस, सावकार. शेतकरी आपल्या उधळपट्टीने बुडतो हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलेलं होतं आणि त्यालाही ते पटलेलं होतं. जोशींनी त्याला वही दाखवली. पुढे जी काही आंदोलनं झाली त्यांच्या मुळाशी ही वही आहे. भाषणं, मोर्चे, रास्ता रोको हे सगळं त्यानंतरचं.

चाकणला काय झालं होतं?

कांदा. १९७८ मध्ये निर्यात बंद झाली आणि चाकणच्या बाजारात कांद्याचे भाव कोसळले. जोशी तिथे शेतकऱ्यांना भेटत होते, गावोगाव बैठका घेत होते, त्यांना आंदोलनाला पहिलं निमित्त मिळालं. नाफेडने, म्हणजे शेतमाल खरेदी करणाऱ्या देशपातळीवरच्या सहकारी संस्थेने, बाजारात उतरून खरेदी करावी ही मागणी होती.

त्याआधीही आणि त्यासोबतही त्यांचं बरंच काम साध्या गावकीच्या प्रश्नांवर होतं. जानेवारी १९८० मध्ये भामनेरच्या खोऱ्यातल्या लोकांना रस्ता हवा म्हणून वांद्रे ते चाकण पायी मोर्चा निघाला. हे वांद्रे मुंबईचं नाही, खेड तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं. बायका-पोरं, म्हातारी माणसं चालत आली. ही गोष्ट आंदोलनाच्या इतिहासात एका ओळीत उरकली जाते. मला ती महत्त्वाची वाटते, कारण अर्थशास्त्र सांगणारा माणूस लोकांबरोबर चालू शकतो की नाही हे लोकांनी तिथे पारखून घेतलं.

त्याच जानेवारीत लोकसभेची निवडणूक झाली. प्रचारात कांद्याच्या महागाईवरून जनता राजवटीला धारेवर धरलं गेलं होतं. निवडणूक झाली, नवं सरकार आलं, नवा कांदा बाजारात आला आणि भाव पुन्हा आपटले. मार्चमध्ये चाकणला पुणे-नाशिक रस्ता शेतकऱ्यांनी अडवला. महाग झाला की सरकार पडतं आणि स्वस्त झाला की शेतकरी पडतो, हे कांद्याचं गणित तेव्हापासून आजवर तसंच आहे.

'उत्पादनखर्चावर आधारित भाव' म्हणजे काय? तो तर प्रत्येकच पुढारी मागतो.

आता मागतो. १९८० मध्ये कुणी मागत नव्हतं. तेव्हा शेतकऱ्यांच्या मागण्या म्हणजे खत स्वस्त द्या, कर्ज द्या, विहिरीला अनुदान द्या. जोशींनी या सगळ्या यादीवर काट मारली आणि एकच कलम ठेवलं, भाव. संघटनेची घोषणाच होती, 'भीक नको, हवे घामाचे दाम'.

खर्च कसा धरायचा, यातच सगळी मेख आहे. शेतकऱ्याला विचारलं तर तो खिशातून गेलेले पैसे सांगतो. रोप, खत, औषध, लागणीची आणि खुरपणीची मजुरी, काढणी, गोण्या, गाडीभाडं. बाजारात गेल्यावर हमाली, तोलाई, आडत कापून पट्टी हातात येते. कधी भाव इतका पडतो की कापून-कापून उलटी पट्टी निघते, म्हणजे माल विकून वर आडत्यालाच पैसे द्यायचे. हे झाले दिसणारे खर्च. पण त्याची स्वतःची आणि बायको-पोरांची वर्षभराची मेहनत, घरच्या जमिनीचा खंड, अडकलेल्या पैशाचं व्याज, बैलांची झीज, चार वर्षांतून एकदा पीक जाणारच त्याची तजवीज, हे सगळं धरल्याशिवाय खर्च पुरा होत नाही. कारखानदार एवढं सगळं धरून किंमत लावतो आणि त्याला कुणी लोभी म्हणत नाही.

आणि हे वाक्य नीट वाचा, कारण पुढचे निम्मे वाद इथे सुरू होतात. जोशींचं म्हणणं 'सरकारने आम्हाला भाव द्यावा' एवढंच कधीच नव्हतं. सरकार जाणूनबुजून भाव पाडतं, ते थांबवा, असं होतं. निर्यातबंदी, जिल्हाबंदी, लेव्ही म्हणजे सरकारची सक्तीची खरेदी, महागडी आयात करून देशी माल पाडणं, कापसाची एकाधिकार खरेदी, ही सगळी भाव पाडण्याची हत्यारं. सबसिडी म्हणून शेतकऱ्याला जे मिळतं त्यापेक्षा या मार्गांनी काढून घेतलं जातं ते जास्त, म्हणून ही 'उणे सबसिडी'. संघटनेच्या सभांमधून हा शब्द इतका रुळला की चौथी शिकलेली माणसंही तो सहज वापरायची.

'इंडिया विरुद्ध भारत' म्हणजे शहर विरुद्ध खेडं ना?

बहुतेकांना तसंच वाटतं. जोशींच्या मांडणीत इंडिया म्हणजे इंग्रज गेल्यावर त्यांच्या जागी बसून शोषण चालू ठेवणारा भाग आणि भारत म्हणजे ज्याचं शोषण होतं तो. शहरातल्या झोपडपट्टीत राहणारा माणूस त्यांच्या हिशेबी भारतातलाच, खेड्यातून निर्वासित होऊन आलेला. उलट गावातला साखर कारखान्याचा चेअरमन इंडियातला. भौगोलिक रेषा त्यांनी मारलीच नव्हती. पण घोषणा झाली की बारकावे गळतात, आणि पुढे हे शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी ज्याला त्याला हवे तसे आले.

जोशी ब्राह्मण, मागे चालणारे मराठा, कुणबी, माळी. हे जमलं कसं?

हा प्रश्न लोक जरा आवाज खाली करून विचारतात. विरोधकांनी मात्र तो भर सभेत विचारला. भटजी काय शेती शिकवणार, असे टोमणे त्यांना आयुष्यभर ऐकावे लागले.

दोन गोष्टी घडल्या असाव्यात. एक म्हणजे त्यांनी आपली मांडणी सरळ जोतिराव फुल्यांशी जोडली. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी नव्याने वाचायला लावला, शिवाजी महाराजांकडे शेतकऱ्यांचा राजा म्हणून बघायला लावलं. दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या फळीतली माणसं. नाशकात माधवराव खंडेराव मोरे आणि प्रल्हाद पाटील कराड, निपाणीत प्रा. सुभाष जोशी, विदर्भात विजय जावंधिया आणि वामनराव चटप. यातल्या काहींची सभा जोशींच्या तोडीस तोड व्हायची. माधवराव मोऱ्यांची शिवराळ, रांगडी भाषा आणि जोशींचं थंड, आकडेवार बोलणं एकाच व्यासपीठावर यायचं. 'माझ्या शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो' अशी सुरुवात झाली की मैदान शांत व्हायचं, असं बघितलेली माणसं अजून सांगतात.

सभेला येणारा माणूस कार्यकर्ता नव्हता, तो 'पाईक' होता. हा शब्दही वारकऱ्यांच्या बोलीतला, आणि संघटनेच्या पहिल्या साप्ताहिकाचं नाव होतं 'वारकरी'. चाकणहून आळंदी-देहू हाकेच्या अंतरावर. हे ओढूनताणून आणलेलं वाटत नाही.

त्यांच्या आंदोलनांत माणसं मेली. जबाबदारी कुणाची?

नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याचं आंदोलन झालं. उसाला टनाला ३०० रुपये ही मागणी होती. रस्ते आणि रेल्वे अडल्या, हजारो लोक तुरुंगात गेले, खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी गेले. १९८१ च्या मार्चमध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं. तंबाखूचा व्यापारी म्हणेल तो भाव आणि देईल तेव्हा पैसे, अशी तिथली रीत होती. विडी कामगार बायकांचा लढाही त्याच गावात चालू होता, त्यामुळे शेतकरी आणि मजूर एकमेकांना अनोळखी नव्हते. तीन आठवड्यांहून जास्त दिवस रस्त्यावर गावच वसलं होतं. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मारले गेले. १९८६ मध्ये कापसाच्या आंदोलनात सुरेगावलाही गोळ्या चालल्या.

गोळ्या पोलिसांनी झाडल्या. तेव्हा पहिली जबाबदारी तिथेच जाते. जोशींचं धोरण सत्याग्रहाचं होतं, रस्त्यावर बसायचं, उचलतील तेव्हा गाडीत चढायचं, दगड उचलायचा नाही. पण हजारोंचा जमाव दिवसेंदिवस महामार्गावर बसवला की काय होऊ शकतं याची कल्पना नेत्याला असायला हवी, हा आक्षेप मला उडवून लावता येत नाही. नंतरच्या काळात त्यांनी मोठे रस्ता-रोको कमी केले. त्यामागे हे मृत्यू होते की आंदोलनाचा ओसरलेला जोर, यावर जुन्या पाईकांतही एकमत नाही.

ही बड्या बागायतदारांची संघटना होती, शेतमजुरांचं काय? डावे तर हेच म्हणायचे.

हो, 'कुलकांची', म्हणजे धनदांडग्या शेतकऱ्यांची, 'चळवळ' हा शिक्का डाव्या अभ्यासकांनी मारला. दोन एकरवाल्याकडे विकायला मालच नसतो, भाव वाढला तर धान्य विकत घेणाऱ्या मजुराचंच मरण, असा युक्तिवाद होता.

जोशींचं उत्तर असं की, कोरडवाहू दोन एकरवालाही कापूस, कांदा, तंबाखू, भुईमूग विकतोच. आणि मजुरी वाढायची तर ती शेतातूनच निघणार. मालकाच्याच हाती काही नसेल तर मजुराला कोण देणार? मराठवाडा-विदर्भातल्या कापूसवाल्यांकडे बघितलं तर त्यांना कुलक म्हणणं हास्यास्पद होतं हे खरं आहे. पण भाव वाढला की मजुरी आपोआप वाढेल हे मानणं मला भाबडं वाटतं. मजुरांची स्वतःची ताकद नसेल तिथे वाढलेला पैसा बांधावरच थांबतो. संघटनेने मजुरीवर ठराव केले, पण त्यासाठी रस्ता कधी अडवला नाही.

गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या डाव्या चळवळीतून आलेल्या अभ्यासक मात्र संघटनेच्या बाजूने उभ्या राहिल्या, हेही नोंदवायला हवं. त्यांना ओढून घेतलं ते मुख्यतः बायकांच्या प्रश्नाने.

चांदवड आणि लक्ष्मीमुक्ती हे काय प्रकरण आहे?

माझ्या मते जोशींच्या कामातला सर्वांत टिकाऊ भाग हाच, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो.

नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. लाखावर बाया आल्या असं सांगतात. आकडा वाटल्यास निम्मा करा, तरी त्या काळात गावाची वेस न ओलांडलेल्या बायका ट्रकमध्ये भाकरी बांधून दोन दिवस बाहेर राहिल्या, हे विसरू नका. त्याआधी गावोगाव शिबिरं झाली होती. तिथे भावापेक्षा दारू, मारहाण, टाकून दिलेल्या बायका आणि पाण्याचे हंडे यावर जास्त बोलणं झालं. स्वतः जोशींनी लिहून ठेवलं आहे की बायकांचं ऐकून आपले बरेच आडाखे बदलले.

पुढे दारूची दुकानं बंद करण्याची आंदोलनं झाली, पंचायतीत फक्त बायकांची पॅनेलं उभी करायचं ठरलं. हे सारं राखीव जागांच्या आधीचं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला १९८९ मध्ये अशी पूर्ण महिलांची पंचायत निवडून आली.

मग लक्ष्मीमुक्ती. कल्पना अशी की, शेतकरी सरकारकडे आपल्या घामाचे दाम मागतो, पण त्याच्या घरातल्या लक्ष्मीच्या घामाचे दाम त्याने तरी कुठे दिलेत? तेव्हा आधी तिचं देणं फेडा, जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर किंवा जास्त घरांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्तीचं गाव, आणि तिथे जोशी स्वतः जायचे. सातबारावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे घालणारे पुरुष, तेही बायकोच्या नावासाठी, हे दृश्य महाराष्ट्राने पहिल्यांदा बघितलं. कायदा नव्हता, अनुदान नव्हतं, सक्ती तर नव्हतीच. शेकडो गावांत हे झालं. काही ठिकाणी नुसतं सभेपुरतं झालं, हेही खरं. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळच्या रावेरीला रामाशिवाय एकट्या सीतेचं देऊळ आहे. त्याचा जीर्णोद्धार जोशींनी करवून घेतला, तो याच धाग्यातून.

आणि याच माणसाने महिला आरक्षणाच्या विरोधात मत दिलं?

दिलं. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत विधेयक मंजूर झालं, बाजूने १८६, विरोधात १. तो एक म्हणजे शरद जोशी.

त्यांचा आक्षेप आरक्षणाच्या पद्धतीवर होता. दर निवडणुकीला राखीव मतदारसंघ बदलणार, म्हणजे निवडून आलेल्या बाईला तिथूनच पुन्हा उभं राहता येईल याची खात्री नाही. मग ती मतदारसंघ बांधेल कशासाठी? आणि पुढच्या खेपेला तो आपल्याला मिळेल की नाही हे ठाऊक नसलेला पुरुष तरी कशाला राबेल? एकाऐवजी बहुसदस्य मतदारसंघ करा, त्यात बायकांची जागा ठेवा, असा त्यांचा पर्याय होता. २०२३ च्या घटनादुरुस्तीत ही अदलाबदल दर निवडणुकीला न ठेवता प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर ठेवली आहे, तेव्हा आक्षेपात काही तथ्य होतं असं म्हणायला जागा आहे. पण चांदवडला आलेल्या बायांना तो एकुलता एक विरोधी आकडा कसा दिसला असेल? माझ्या ओळखीच्या एका जुन्या महिला आघाडीवालीने मला एवढंच सांगितलं, "साहेबांचं बरोबर असेल, पण वाईट वाटलं बघ."

टिकैत आणि जोशी यांचं भांडण कशावरून?

२ ऑक्टोबर १९८९ ला दिल्लीत बोट क्लबवर देशभरातल्या शेतकरी संघटनांचा एकत्र मेळावा ठरला होता. व्यासपीठावरच उत्तर प्रदेशचे शेतकरी नेते महेंद्रसिंह टिकैत यांची माणसं आणि इतर यांच्यात धक्काबुक्की झाली, मेळावा उधळला. कोण वर बसणार, कोण आधी बोलणार, यावरून सुरू झालं असं वरवर दिसतं. खाली फरक खोल होता. टिकैत खाप पंचायतीतून, म्हणजे उत्तरेकडच्या गोत्र-जातीच्या पंचायतीतून आलेले, जातगोताच्या बळावर उभे. वीजबिल, उसाचा भाव, रोजच्या अडचणी यावर त्यांचा भर. जोशींना सगळं एका सिद्धांतात बसवायचं होतं. पंजाबचे शेतकरी नेते भूपिंदरसिंग मान यांच्याशी मात्र त्यांचं शेवटपर्यंत जमलं. १९८४ मध्ये चंदीगडला राजभवनाच्या घेरावात जोशी सहभागी झाले होते.

देशभराची एक शेतकरी संघटना होण्याची शक्यता त्या दिवशी बोट क्लबवर संपली.

डंकेल प्रस्तावाला पाठिंबा का दिला? तिथेच त्यांनी शेतकऱ्यांना विकलं असं म्हणतात.

डंकेल प्रस्ताव म्हणजे शेतमालासह जागतिक व्यापार खुला करण्याच्या कराराचा मसुदा. नव्वदीच्या सुरुवातीला डंकेल म्हणजे शिवी होती. डावे, समाजवादी, संघाचे स्वदेशीवाले, कर्नाटकातले शेतकरी नेते नंजुंडस्वामी, सगळे विरोधात. आणि देशातल्या सर्वांत मोठ्या शेतकरी नेत्यांपैकी एक उठून म्हणाला, येऊ द्या.

वर उणे सबसिडीचं लिहिलं आहे ते पुन्हा बघा म्हणजे यात कोलांटउडी दिसणार नाही. सरकार भाव पाडतं हे तुमचं निदान असेल, तर सरकारचा बाजारातला हात बांधणारा कोणताही करार तुम्हाला औषधच वाटणार. जागतिक बाजारात मिळणारा भाव आपल्या शेतकऱ्याला मिळू देत नाहीत, दारं उघडा, एवढं ते म्हणत होते. बियाण्याबाबतही तसंच. २००१ मध्ये गुजरातेत परवानगीशिवाय लावलेलं बीटी कापसाचं, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या कापसाचं पीक जाळून टाका असा आदेश निघाला, तेव्हा ते शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. बोंडअळीत तेवढंच पीक वाचलं होतं. मार्च २००२ मध्ये बीटीला रीतसर परवानगी मिळाली.

चूक कुठे झाली? दोन जागा मला दिसतात. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांची अनुदानं खरंच कमी करतील असं त्यांनी धरलं, ते झालं नाही. आणि आपलं सरकार करार करूनही निर्यातबंदी सोडणार नाही हे त्यांच्यासारख्या सरकारवर अविश्वास असलेल्या माणसाने ओळखायला हवं होतं. विजय जावंधियांसारखे जुने सहकारी याच मुद्द्यावर दूर गेले. कापसावर आयात शुल्क लावा म्हणणारे एका बाजूला, बाजार उघडा म्हणणारे दुसऱ्या. विदर्भात आत्महत्यांचं सत्र सुरू झाल्यावर हा वाद फार कडवट झाला.

मतं मागायला आलो तर जोड्यांनी मारा म्हणणारा माणूस राज्यसभेत कसा गेला?

हा टोमणा त्यांना मरेपर्यंत चिकटला, आणि तो रास्त आहे. थोडक्यात क्रम असा. सुरुवातीला निवडणुकीपासून लांब. मग कधी याला, कधी त्याला पाठिंबा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शिवसेनेच्या वाढीला जातीयवाद म्हणून कडाडून विरोध. १९९० मध्ये जनता दलाच्या चिन्हावर संघटनेचे पाच आमदार. त्यातले मोरेश्वर टेमुर्डे पुढे विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारने जोशींना कृषी सल्लागार समितीचं अध्यक्षपद दिलं, कॅबिनेट दर्जाचं. १९९४ मध्ये स्वतःचा पक्ष, जो कधी वाढला नाही. वाजपेयींच्या काळात कृषी कार्यदलाचं अध्यक्षपद. आणि २००४ मध्ये ज्या भाजप-सेनेला कधी काळी विरोध केला त्यांच्याच मदतीने राज्यसभा.

पक्षाच्या नोंदणीसाठी समाजवादावर निष्ठेची शपथ घ्यावी लागते, या अटीला त्यांचा विरोध होता, हे मला आवडतं. तत्त्वाला पक्का, व्यवहाराला कच्चा. मतदाराला अर्थशास्त्र ऐकायला आवडायचं, टाळ्याही मिळायच्या, मत मात्र पाहुण्यारावळ्याला किंवा पाणी आणणाऱ्या आमदाराला जायचं.

कर्जमाफी की कर्जमुक्ती?

संघटनेचा पाईक 'माफी' म्हणणार नाही. माफी गुन्हेगाराला असते. लूट झाली म्हणून कर्ज झालं, तेव्हा मुक्ती. नेत्यांच्या भाषणात आता दोन्ही शब्द अदलाबदलीने येतात, त्यावरून बोलणारा कुठल्या शाळेतला ते ओळखता येतं.

मग आज इतक्या शेतकरी संघटना का? खरी कोणती?

फुटत गेल्या म्हणून. २००४ मध्ये राजू शेट्टींनी स्वाभिमानी काढली. ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला जागतिक बाजारापेक्षा कारखान्याच्या पहिल्या उचलीत रस होता, आणि शेट्टींनी तेच हातात घेतलं. रघुनाथदादा पाटलांची वेगळी, स्वाभिमानीतूनही पुढे आणखी निघाल्या. आंबेजोगाईचे अमर हबीब यांच्यासारखे लोक किसानपुत्र आंदोलन चालवतात. कमाल जमीन धारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे कायदे रद्द करा, ही त्यांची मागणी थेट जोशींच्या वहीतली. खरी कोणती हे ठरवायला मी कोण? पण ढोबळ भेद करता येतो. बहुतेकांनी रास्ता रोको घेतला आणि खुला बाजार सोडला.

आज असते तर हमीभावाचा कायदा मागितला असता का?

मला वाटत नाही. सरकारने सगळा माल ठरावीक भावाने घ्यायचा म्हणजे पुन्हा सरकारच खरेदीदार, आणि कापूस एकाधिकार योजनेत ते काय करतं हे त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं. त्या योजनेत राज्याबाहेर आपला कापूस नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरायचा.

शेतमालाचा बाजार खुला करणाऱ्या २०२० च्या तीन कृषी कायद्यांच्या वेळी दिल्लीच्या सीमेवर पंजाब-हरियाणाचा शेतकरी बसला असताना त्यांची मूळ संघटना कायद्यांच्या बाजूने होती, यात म्हणून आश्चर्य नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या समितीत संघटनेचे अनिल घनवट होते. भूपिंदरसिंग मान यांचंही नाव होतं, पण पंजाबातला रोष बघून ते बाहेर पडले. नोव्हेंबरमध्ये कायदेच मागे घेतले गेले. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं जाहीरपणे लावण्याचा सत्याग्रह झाला, तोही याच मंडळींचा.

लाल बिल्ला कुठे मिळेल?

विकत मिळत असेल तर मला ठाऊक नाही. आमच्या घरातला पत्र्याच्या ट्रंकेत आहे, पिनेला गंज चढलाय. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा चुलत्यांनी तो काढून सदऱ्याला लावला आणि बाजार समितीत गेले. लिलाव बंद होते. दुपारी परत आले आणि पुन्हा ट्रंकेत ठेवला.